उसनं नाक

आबा, गेले काही दिवस आपल्या ओट्यावर बसून लोक तुमच्याबद्दल जे बोलत होते ते ऐकलं असतं, तर तुम्ही भांडायलाच उठला असतात. शांत माणूस होता म्हणे. कधी कुणाला उलटून बोलला नाही म्हणे. मी चहाचे कप गोळा करत होते आणि मनात म्हणत होते, हे नेमकं कुणाबद्दल बोलतायत? माझ्याशी तर तुम्ही रोज भांडत होतात. शिरक्याच्या शेडचं दार उघडल्यापासून ते बंद करेपर्यंत. ढवळायचं किती, झाकायचं कशाने, पाणी विहिरीचं की नळाचं. आणि सगळ्यात जास्त एकाच गोष्टीवरून: झालं, की अजून नाही?

तुम्ही सासरे, मी सून. आपल्या गावात सून सासऱ्यांशी मान खाली घालून, मोजकं बोलते. मीही तशीच आले होते. मोठ्याने बोलायला तुम्हीच लावलंत. म्हणून आजही तसंच बोलते आहे. हळू आवाजात बोलले तर तुम्हाला वाटेल, मनीषा आजारी आहे की काय.

माझं माहेर साक्रीकडचं, तुम्ही फैजपूरच्या केळीपट्ट्यातले. दोन्हीकडे उन्हाळ्यात आंबवलेल्या ज्वारीचे पापड, म्हणजे बिबडे, होतात, पण भिजवण्यात फरक. माझी आई ज्वारी पाण्यात अशी मुरवते की शेजारच्या गल्लीला कळावं. आपल्या घरी सासूबाई, आपल्या माई, बेतानेच आंबवतात. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी कौतुकाने ज्वारी भिजत घातली. माईंना वाटलं तेव्हा त्या म्हणाल्या, "झालं, आता काढ." मी म्हटलं, "अजून नाही झालं." नव्या सुनेने असं म्हणायचं नसतं, हे मला वाक्य संपल्यावर कळलं. मी घाबरून माहेरी फोन लावला. आई म्हणाली, "आजून एक दिन ऱ्हाऊ दे. घाई कसाले करस?"

मी राहू दिलं. दुसऱ्या दिवशी घरभर वास. माईंनी देवघराचं दार लावून घेतलं. प्रशांत पेपर तोंडासमोर धरून बसला, बायकोची बाजू घ्यायची की आईची हे न सुचून. तेवढ्यात तुम्ही बागेतून आलात. सगळ्यांना वाटलं, आता आबा ते पातेलं उकिरड्यावर ओतायला लावणार. तुम्ही टोपी काढलीत, पातेल्यावर वाकलात आणि चांगला लांब श्वास घेतलात.

"हा वास मले माहीत आहे," तुम्ही म्हणालात. "केयी जास्त पिकली का असाच येते. आत काय चालू आहे?"

आबा, नव्या सुनेला लोक विचारतात, माहेरी फोन केला का, करमतं का, भाजीत मीठ कमी का पडलं. आत काय चालू आहे, असं मला त्या घरात पहिल्यांदा कुणी विचारलं. मी धुळ्याच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकले होते आणि लग्न ठरल्यावर ती पुस्तकं माळ्यावर गेली होती. मी सांगायला लागले. ज्वारीच्या दाण्यावर आधीपासूनच जीव असतात. पाणी मिळालं की सगळेच जागे होतात, चांगले-वाईट सगळे. सुरुवातीला जो घाण वास येतो तो त्या गर्दीचा. मग त्यातले आंबट करणारे वाढतात, पाणी आंबट होतं आणि त्या आंबटपणात बाकीच्यांना जगता येत नाही. ते मरतात. वास बदलतो. माझी आई त्या बदलाची वाट बघते.

"म्हणजे तू लवकर काढलं, तर गर्दीच खायची?"

"हो."

"आणि उशिरा काढलं तर?"

"तर नुसतं आंबट."

तुम्ही मान डोलावलीत. ते बिबडे वाळले, तळले, तुम्ही शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खाल्लेत आणि म्हणालात, "आंबट आहे. पण नुसतं आंबट नही." मी हरखून गेले. आणि लगेच पुढचं वाक्य आलं, "पण एक दिवस आधी काढले असते तर जास्त चांगले झाले असते." त्या वाक्यावरून आपण पुढे कितीतरी उन्हाळे भांडलो. मला आजही ते पटलेलं नाही, हे नोंदवून ठेवा.

शिरक्याचं काम वादळाने सुरू केलं. पावसाळा तोंडावर आला होता, बागेत घड भरात होते, आणि एका संध्याकाळी वाऱ्याने निम्मी बाग आडवी केली. सकाळी आपण बांधावर उभे होतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तुम्ही आडव्या खोडांवरून पाय टाकत टाकत आत गेलात, घड दाबून बघितलेत आणि परत येऊन म्हणालात, "व्यापारी हे घेणार नही. पण पिकायचं हे पिकतीलच. त्यायले कोन थांबवणार?"

पिकवायच्या खोलीत जागा संपली, तेव्हा ओसरीत घड, जिन्याखाली घड, प्रशांतच्या मोटरसायकलवर घड. गावभर वाटून झाली, गुरांना घालून झाली. राहिलेल्यांच्या साली काळ्या पडायला लागल्या, तेव्हा तुम्ही मला हाक मारलीत. "मनीषा, तुझी ती गर्दी केयीत सोडली तर?"

मी म्हटलं, "आबा, केळीत साखर आहे. आधी दारू होईल."

तुमचा हात गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडे गेला. आयुष्यात तुम्ही पानाला चुना लावला नव्हता, आणि सून सांगत होती की घरात दारू होणार.  मग विचारलंत, "आणि नंतर?"

"नंतर तिला हवा दिली, की हवेवर जगणारे दुसरे जीव येतात. ते दारूचा शिरका करतात, बाजारात व्हिनेगर म्हणतात तो. दारू राहत नाही."

"म्हणजे दारू वाटेत लागते."

"हो."

"मग लागू दे. आपल्याले तिथं मुक्काम थोडाच करायचा आहे?"

पहिली खेप वाया गेली. सायकलचं पंक्चर काढायला जे सोल्युशन लावतात, तसा वास सुटला. मी सांगितलं, हवा चुकीच्या वेळी लागली. आधी हवा बंद, मग हवा उघडी, हा क्रम पाळायला हवा होता. दुसऱ्या खेपेला चिलटांनी आपल्या आधी चव घेतली. तिसऱ्या खेपेला तुम्ही पिंपांना जुन्या धोतराचं दुहेरी कापड बांधलंत, कडेने दोरी गच्च आवळलीत, आणि त्या खेपेत पातळ, तुकतुकीत साय धरली, शिरका जमल्याची खूण. तुम्ही ती साय बघायला माईंना बोलावलंत. माई दारातूनच म्हणाल्या, "मले नका दाखवू. मी त्या शेडमधी पाय ठेवणार नही." आणि त्यांनी खरंच कधी ठेवला नाही. तुम्ही दोघं एका घरात राहत होतात, आणि मध्ये शेडचा उंबरा होता.

गावात व्हायची ती चर्चा झाली. माळकरी माणूस सुनेला हाताशी धरून केळीची दारू गाळतो. कुणीतरी वर कळवलंही. एका दुपारी दोन हवालदार आले. मला घाम फुटला, कारण त्या दिवशी एक पिंप बरोबर मधल्या टप्प्यावर होतं. तुम्ही त्यांना खुर्च्या दिल्यात, पाणी दिलंत.

"आबा, तक्रार आहे. इथे दारू होते का?"

"होते," तुम्ही म्हणालात.

दोघंही उभे राहिले. मी पुढे झाले, पण तुम्ही हाताने थांबवलंत. "त्या कोपऱ्यातल्या पिंपात आत्ता आहे. खोटं कशाले बोलू? या दुसऱ्यात होती, आता नही. वास घेऊन बघा. आणि महिन्याभराने परत या, त्या कोपऱ्यातली पण गेलेली असेल."

त्यातल्या मोठ्याने दुसऱ्या पिंपावरचं कापड उचललं, नाक आत घातलं आणि ठसकला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "हा तर शिरका आहे," तो म्हणाला. तुम्ही इतके खूश झालात, जसं काही त्याने परीक्षकाचा शेरा लिहून दिला. रीतसर परवानगी काढायला सांगून ते गेले. मग परवानगीसाठी आपण जळगावच्या चकरा मारल्या, आणि पद्धतही बदलली. नव्या गरात सुरुवातीलाच बराचसा जुना शिरका घालायला लागलो. तुमची कल्पना. "वाटेत थांबूच द्यायचं नही," तुम्ही म्हणायचात. माझं म्हणणं होतं की त्याने केळीचा सुगंध दबतो. हेही भांडण राहिलंच.

मग तो ताप आला, जगभर आला तसा आपल्या गावातही. घरात सगळ्यांना झाला, सगळे उठले. तुम्ही सगळ्यात आधी उठून शेडकडे गेलात. काही दिवसांनी मी अशक्त पायांनी तिकडे आले, तर दारातच नाकाला पदर लावावा लागला. एक पिंप सडलं होतं. गटार तुंबल्यावर येतो तसा वास. आणि तुम्ही त्याच पिंपाशी उभे होतात, वर वाकून, चेहऱ्यावर समाधान.

मी म्हटलं, "आबा, वास येत नाही का?"

"येते की."

"कसला?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. तेवढ्यात तुम्हाला माझ्या नाकाला लावलेला पदर दिसला असणार. "शिरक्याचा," तुम्ही हळूच म्हणालात, प्रश्न विचारल्यासारखं.

 तुम्ही पिंपाशेजारच्या पाटावर बसलात. तुम्हाला मी कधी इतकं लहान झालेलं पाहिलं नव्हतं. मला वाटतं, आपल्या घरात त्या काळात सगळ्यात मोठं काय गेलं, तर ते. औषधांची नावं सगळ्यांना पाठ होती, पण नाक गेलेल्या माणसाला काय म्हणायचं ते कुणालाच माहीत नव्हतं. लोक हसायचे. नाक गेलं म्हणजे आपल्याकडे अब्रू गेली. तुम्हीच तो विनोद सगळ्यांच्या आधी करून टाकायचात, दुसऱ्या कुणी करू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला ओसरीत बसवलं आणि डोळे मिटायला सांगितलं. जिभेवर गूळ ठेवला. "गोड." लिंबू पिळलं. "आंबट." मीठ, कारल्याचा तुकडा, सगळं बरोबर ओळखलंत. तुमचा चेहरा उजळला. "मंग गेलं काय?" तुम्ही विचारलंत. मी तुमच्या तोंडात केळीचा काप दिला.

तुम्ही चावलंत. खूप वेळ चावलंत.

"गोड आहे," तुम्ही म्हणालात. "मऊ आहे." आणि थांबलात. मग म्हणालात, "बटाटा आहे का?"

जन्मभर केळी लावलेल्या माणसाला केळं ओळखू आलं नाही. मी डोळे उघडायला सांगितले. तुम्ही माझ्या हातातल्या सालीकडे बघत राहिलात. मी शास्त्र सांगितलं, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. जिभेला मोजक्याच गोष्टी कळतात, आबा. आंबट, गोड, खारट, कडू, अशाच. केळ्याला केळं करतं ते नाक. तुम्ही ज्याला 'नुसतं आंबट नही' म्हणायचात, ते सगळं नाकातलं.

तुम्ही म्हणालात, "मंग तुझं नाक मले उसनं दे."

मला वाटलं, बोलायची रीत. पण दुसऱ्या दिवशी तुम्ही शेडमध्ये माझ्यासाठी स्टूल आणून ठेवलं होतंत. "बस. सांग. पहिल्या पिंपात कसा वास येते?"

"चांगला."

"चांगला म्हणजे काय? मले चांगला नको सांगू. कशासारखा ते सांग."

आबा, मी प्रयोगशाळेत शिकले होते, तरी वासाला शब्द द्यायला मला कुणी शिकवलं नव्हतं. तुम्ही सोडत नव्हतात. मी म्हणायचे, ओल्या पोत्यासारखा. तुम्ही विचारायचात, पोतं गव्हाचं का कापसाचं? मी म्हणायचे, ताकाच्या भांड्यासारखा. धुतलेलं का न धुतलेलं? कोऱ्या माठात पहिलं पाणी भरल्यावर येतो तसा. भिजलेल्या मनुकांसारखा. कैरी चिरल्यावर विळीला येतो तसा. कधी माझ्या तोंडून साक्रीकडचा शब्द निघायचा, तुम्ही तो घोळवून घोळवून म्हणायचात आणि वर तुमचा शब्द ठेवायचात. त्या दिवसांत मला कळायला लागलं की आंबणं म्हणजे एक वास नसतोच. तो दर दिवशी नवा असतो, सकाळी वेगळा, ऊन चढल्यावर वेगळा. मी आधी फक्त 'झालं' किंवा 'नाही झालं' एवढंच हुंगत होते. नीट हुंगायला मी शिकले ते तुम्हाला येत नव्हतं म्हणून.

आणि तुमची जीभ तल्लख झाली. वास मध्ये येत नव्हता, म्हणून आंबटपणाचा कस तुम्हाला माझ्यापेक्षा नीट कळायचा. मी सुगंधाला भुलून 'झालं' म्हणायचे आणि तुम्ही चमचा जिभेवर फिरवून म्हणायचात, "पाणी आहे अजून यात." ज्वारीच्या बाबतीत मी थांबा म्हणायचे, तुम्ही काढा. शिरक्याच्या बाबतीत मी काढा, तुम्ही थांबा. "ज्वारीले धीर धरतीस, केयीले धरत नहीस," असं तुम्ही चिडवायचात. मी म्हणायचे, "तुम्हाला केळीचा वास येत नाही म्हणून घाई नाही." हे मी रागात बोलले होते. तुम्ही हसलात आणि म्हणालात, "खरं आहे."

जळगावचे ते हॉटेलवाले आचारी आले, तो दिवस तुम्हालाही आठवत असेल. कुणाकडून तरी ऐकून आले होते. भरितासोबत द्यायच्या कांद्यासाठी त्यांना आपला शिरका हवा होता. शेडमध्ये आले आणि मी समोर उभी असताना सरळ तुमच्याकडे वळले. "आबा, हे पिंप तयार आहे का?"

तुम्ही म्हणालात, "मले नका विचारू. माझं नाक ही आहे."

ते गोंधळून माझ्याकडे वळले. मी वास घेतला. केळीचा मंद गोडवा अजून शाबूत होता, वर स्वच्छ आंबटपणा. "तयार आहे," मी म्हटलं.

तुम्ही आदल्या संध्याकाळीच त्याच पिंपातला चमचा चाखून तोंड वाकडं केलं होतंत. मला वाटलं, आता चारचौघांत सांगणार, अजून महिनाभर लागेल म्हणून. आचाऱ्यांनीही तुमच्याकडे बघितलं, शेवटचा शब्द तुमचाच असणार अशा खात्रीने.

"तिनं तयार म्हटलं म्हणजे तयार," तुम्ही म्हणालात. आणि स्वतः वाकून त्यांचे कॅन भरून दिलेत.

त्यांची गाडी वळणापलीकडे गेली आणि तुम्ही माझ्यावर तुटून पडलात. घाई केलीस, कच्चा दिला, कस नाही, नाव घालवशील. घरापर्यंत भांडत आलात, जेवताना भांडलात. माई म्हणाल्या, "एवढंच होतं तर तिथंच बोलायचं." तुम्ही घास थांबवून म्हणालात, "तिथं कसं बोलू? तिथं ती सांगत होती."

आबा, या वाक्यावर मी तुम्हाला कधीच काही बोलले नाही. भाजी वाढायच्या निमित्ताने उठून आत गेले होते. आज सांगते. माझ्या शिकण्याचं, माझ्या त्या माळ्यावर गेलेल्या पुस्तकांचं, परक्या घरातल्या माझ्या आवाजाचं जे काही व्हायचं होतं, ते त्या शेडच्या दारात झालं. मतभेद घरात आणि विश्वास चारचौघांत, असं वागलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात.

बाकी, आचाऱ्यांना तो शिरका कांद्याला आवडला, आणि नंतर तुमचा मुरवलेला मिरचीला आवडला. तेव्हा कोण बरोबर, हे ठरलं नाही. तुम्ही म्हणायचात, ठरलं. मी म्हणते, नाही.

नाक तुमचं थोडं थोडं परत आलं. आधी धूर आला, मग लसूण. एकदा बागेतून ओरडत आलात, "कोन लसूण जाळून राह्यलं?" आणि मी जळलेली फोडणी हातात घेऊन आनंदाने उभी. पण केळ्याचा वास मात्र आला नाही. दर काही दिवसांनी तुम्ही पिकलेला एक घड समोर ठेवून म्हणायचात, "आज सांग." मी सांगायचे. कधी म्हणायचे मधासारखा, कधी नव्या लाकडासारखा, कधी लहान बाळाच्या टाळूसारखा. तुम्ही डोळे मिटून ऐकायचात. मला वाटतं, त्या वेळी तुम्हाला तो येत होता.

तुम्ही गेलात त्याच्या आदल्या दिवशी आपण नवा गर भरला होता, आणि त्यात जुना शिरका किती घालायचा यावरून नेहमीसारखं वाजलं होतं. शेवटी तुम्ही म्हणालात, "हे पिंप तुझ्या मनासारखं कर. बघू." दुसऱ्या दिवशी दुपारी बागेत पाणी बघायला गेलात आणि तिथेच, पाटाच्या कडेला, टेकून बसलात. बस. त्याबद्दल मला यापेक्षा जास्त बोलायचं नाही.

पुढचं मात्र तुम्हाला सांगायला हवं, कारण तुम्ही ते पाहिलं नाही.

घर माणसांनी भरलं. सुतक लागलं. तिसऱ्या दिवशी मला त्या नव्या पिंपाची आठवण झाली. पहिले काही दिवस गर वर तरंगून येतो, तो दाबून ढवळला नाही तर वरून सुकतो आणि बुरशी धरते, हे तुम्हाला सांगायला नको. मी उठले, तशी आत्या, तुमची धाकटी बहीण, दारात आडव्या झाल्या. "कुठं चालली? सुतकात शेडमधी पाय टाकू नको. नासलं तर नासू दे. मानूस गेलं आणि तुले पिंपाची पडली?"

मी प्रशांतकडे बघितलं. तो भिंतीला टेकून बसला होता, त्याचे डोळे सुजले होते.  मला आत्यांना शास्त्र सांगावंसं वाटेना. घरात रडणाऱ्या बायका आणि मी सांगणार बुरशीचं? पण ते पिंप माझ्या मनासारखं भरलेलं पहिलं पिंप होतं आणि तुम्ही ते माझ्या हाती सोपवून गेला होतात. मी तिथेच उभी राहिले. बसले नाही.

माई कोपऱ्यात पडून होत्या. तीन दिवस त्यांनी कुणाशी एक शब्द काढला नव्हता, पाण्याचा पेला पुढे केला तर मान फिरवायच्या. त्या उठून बसल्या. पदर डोक्यावर घेतला, भिंतीचा आधार घेत उभ्या राहिल्या. आत्या त्यांना धरायला गेल्या तर त्यांचा हात बाजूला केला.

"चाल," त्या मला म्हणाल्या.

अंगणातल्या बायकांनी सरकून वाट दिली. माई पुढे, मी मागे. शेडच्या उंबऱ्याशी त्या क्षणभर थांबल्या. मग आत पाय टाकला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पिंपांकडे बघितलं, तुमच्या दोऱ्यांच्या गाठींकडे बघितलं. "कोनतं?" त्यांनी विचारलं. मी दाखवलं, कापड सोडलं. गर वर आला होता, कडेला बारीक बुडबुडे फुटत होते, बुरशी नव्हती. वेळेत पोचलो होतो.

माई वाकल्या. मला वाटलं, आता नाकाला पदर लावतील. त्यांनी श्वास आत घेतला, आणि तसाच धरून ठेवला, सोडवत नसल्यासारखा.

"त्यायच्या सदऱ्याले असाच वास येत होता," त्या म्हणाल्या.

आणि मग त्या रडल्या, तीन दिवसांत पहिल्यांदा, पिंपाची कड दोन्ही हातांनी धरून. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. शेडच्या दारात आत्या येऊन उभ्या होत्या.

आबा, एवढी वर्षं तुम्ही आणि मी त्या वासाला नाव शोधत होतो. मध, लाकूड, मनुका, माठ. माईंच्या खोलीत तो रोज संध्याकाळी खुंटीला टांगला जात होता.

थोड्या वेळाने त्यांनी डोळे पुसले, बाजूचं लाकडी ढवळणं माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "खालपर्यंत घाल. वरवर नको फिरवू."